रूळ ओढणारा गोलंदाज : बाळू पालवणकर

भातकापणी उरकली, मळण्या झाल्या, की आमच्या रोहे-पेण भागातल्या रिकाम्या शेतांतून कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. ढेकळे फोडायची, माती चाळायची, पाणी मारायचे, रूळ फिरवायचा आणि मग दोरी ताणून फक्कीच्या रेघा मारायच्या. रात्री दिव्यांच्या उजेडात खेळाडू येतात, शिट्या वाजतात, टाळ्या पडतात, सकाळच्या वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या फोटोत रेघ दिसते, रेघ मारणारा दिसत नाही. माझे वडील गेली अनेक वर्षे हे काम करीत आले आहेत. लहानपणी पाण्याची बादली घेऊन मी त्यांच्या मागे फिरत असे. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वडिलांच्या या धंद्याची मला पहिल्या वर्षी थोडी लाज वाटे, हे कबूल केलेले बरे.

ती लाज गेली एका माणसाच्या चरित्रामुळे. तोही मैदानावर रूळ ओढीत असे, जाळ्या बांधीत असे, चुन्याच्या रेघा मारीत असे. पुढे हिंदुस्थानातला सर्वांत मोठा गोलंदाज म्हणून त्याचे नाव झाले. त्याचे नाव बाळू पालवणकर. क्रिकेटचे वेड असलेल्या आमच्या वर्गातल्या मुलांना गावसकर ठाऊक, तेंडुलकर ठाऊक. पण बाळू पालवणकर कोण असे विचारले तर दहांतील नऊजण गप्प बसतात. मीही गेल्या वर्षापर्यंत त्यांतलाच एक होतो.

पालवणकर हे आडनाव कोकणातले. पालवण गावावरून आलेले. पण बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला, कारण वडील लष्कराच्या नोकरीत होते. जात चांभार. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. लष्करामुळे कुटुंब पुण्यात आले आणि तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम हे दोघे भाऊ क्रिकेट शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊही पुढे नामांकित खेळाडू झाले. एका घरात चार खेळाडू, आणि चौघांनाही खेळाचा पहिला धडा मिळाला तो टाकाऊ सामानावर!

बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडणे आणि रूळ फिरविणे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात गेले. तिथे एक रुपया वाढला. खेळपट्टी तयार करायची, नेट बांधायचे, टेनिसच्या रेघा आखायच्या आणि साहेबलोक सरावाला आले की सांगितलेले काम करायचे. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले म्हणतात, आणि तिथून सारे सुरू झाले. डावखुरी, संथ, फिरकी गोलंदाजी. टप्पा जिथे हवा तिथे. चेंडूला उंची द्यायची, फलंदाजाला पुढे ओढायचे आणि फसवायचे. हे त्यांना कोणी शिकविले? शिकविणारा कोणी नव्हता. हजारो चेंडू टाकता टाकता ते आपसूक आले.

त्या क्लबात ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता, हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांत अव्वल. तो म्हणे रोज सर्वांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई. या आख्यायिकेत अतिशयोक्ती किती हे सांगता येत नाही. पण महिना चार रुपये मिळविणाऱ्याला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई, हे गणित मात्र खरे आहे. दुसरी एक गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. त्या क्लबात इतकी वर्षे चेंडू टाकूनही बाळूंना एकदाही नेटमध्ये फलंदाजी करू दिली नाही. घाम गाळायचे काम ते गोलंदाजी. ते नोकराने करावे. फलंदाजी म्हणजे साहेबी थाट!

एव्हाना पुण्यातल्या हिंदूंनाही साहेबांच्या क्लबाला हरवायची ईर्ष्या पेटली होती. संघ उभा राहिला. प्रश्न आला बाळूंना घ्यायचे की नाही. शहरातला सर्वांत चांगला गोलंदाज समोर रूळ फिरवीत उभा आणि आत बसलेले लोक त्याच्या जातीवर खल करीत बसलेले, असे ते दृश्य. ग्रेगने त्या वेळी वर्तमानपत्राशी बोलताना हिंदूंनी हा गोलंदाज दूर ठेवला तर तो त्यांचाच मूर्खपणा ठरेल अशा अर्थाचे मत दिले. ग्रेगला बाळूंचा कळवळा होता की उत्तम गोलंदाजीपुढे खेळायची हौस होती, हे देव जाणे. अखेर बाळू संघात आले.

आले म्हणजे मैदानावर आले. मैदानावर एकच चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरे. त्याला विटाळ नव्हता. चहाची सुटी झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे, जो पिऊन झाला की फोडून टाकायचा. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर अस्पृश्य गड्यानेच आणून द्यायचे. आपण एखाद्याच्या हातून मिळालेल्या विजयावर पोट भरून नाचतो आणि त्याला हात धुवायला पाणी देत नाही! हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरविला. खेळपट्टी रुळाने कशी मरते हे ज्याने स्वतः जन्मभर रूळ ओढला त्याला शिकवायला निघाले होते! बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात परतल्यावर संघाचा सत्कार झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा रानड्यांचा सवाल होता. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. रानडे आणि टिळक ज्या थोड्या बाबतींत एका बाजूला दिसतात त्यांत बाळू पालवणकरांची गोलंदाजी ही एक म्हणावी लागेल.

१८९६ मध्ये पुण्या-मुंबईवर प्लेगचे संकट आले आणि त्याच सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यावे की नाही यावर पुन्हा तोच वाद, पुन्हा काहींचा विरोध. पण कीर्तिकर नावाच्या कर्णधाराने आग्रह धरला आणि प्रवेश मिळाला. रेल्वेत नोकरी लागली, तिच्या संघातूनही ते खेळत. हळूहळू जिमखान्याच्या उपाहारगृहाचे दारही त्यांना उघडले. आधी चेंडू, मग चहा, मग जेवण, अशा क्रमाने बाळू आत सरकत गेले. पण दहा-बारा वर्षे आणि शेकडो बळी एवढा त्याचा भाव पडला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होता. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला, स्वदेशीची हवा. तेव्हा हा विजय नुसता खेळातला राहिला नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने तर या सामन्यात जातिभेद मोडल्याचे पाऊल पाहिले आणि त्याचे विशेष कौतुक केले. यानंतर पारशी, युरोपियन आणि हिंदू अशा तिरंगी स्पर्धा सुरू झाल्या आणि १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्यावर त्या चौरंगी झाल्या. धर्मावर संघ पाडण्याची ही रीत आज आपल्याला खटकते, खटकायलाच हवी. पण त्या काळी क्रिकेटचे सर्वांत मोठे व्यासपीठ तेच होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेला गेला. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. संघाची कामगिरी यथातथाच झाली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे जास्त होते असे म्हणतात. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस आणि खांदा दुखत होता. तरीही दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा. लेस्टरशायरविरुद्धचा तो सामना हिंदुस्थानी संघाने जिंकला. नंतर सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने विजय मिळाला त्यात शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या. ज्या दोघांना पुण्यात बाहेर बसवून चहा दिला गेला त्यांनी विलायतेत हिंदुस्थानची लाज राखली!

परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचा हात होता असे सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. दोघेही लष्करातल्या नोकरांची मुले. एक मैदानातून वर येत होता, दुसरा पुस्तकांतून. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिला वळण मिळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विलायत गाजवून आलेला, संघातला सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत जाणता खेळाडू हिंदूंचा कर्णधार व्हायला हवा होता. पण १९१० पासून दर वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की बाळूंचे नाव बाजूला पडे. चेंडू टाकायला ते चालत, क्षेत्ररक्षण लावायला चालत नसत. कर्णधार म्हणजे हुकूम देणारा. सवर्णांच्या दहा मुलांनी चांभाराच्या मुलाचा हुकूम मानायचा, हे निवड करणाऱ्यांच्या पोटात उतरत नव्हते. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. स्वतः सारस्वत ब्राह्मण असून पैंनी आपल्याच सत्काराच्या वेळी हा मान खरे तर बाळूंचा होता असे उघडपणे बोलून दाखविले. असा कर्णधार दुर्मिळ! पण पैंचा मोठेपणा म्हणजे निवड समितीचा न्याय नव्हे.

बाळूंनी स्वतः या अन्यायाविरुद्ध तोंड उघडल्याचे दिसत नाही. ते येत, चेंडू टाकीत, बळी घेत आणि घरी जात. आमचे प्राध्यापक वर्गात म्हणतात तसे हे गुलामी मनोवृत्तीचे लक्षण मानावे काय? मला तसे वाटत नाही. चार रुपयांच्या नोकरीपासून ज्याने सुरुवात केली त्याला मालकाच्या कपाळावरची आठी वाचता येते. एकदा बाहेर पडलो तर पुन्हा बोलावणे येणार नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. माझ्या वडिलांनीही आजवर एकाही मंडळाशी पैशावरून भांडण केलेले नाही. पूर्वी मला याचा राग येई.

पण बाळूंच्या पाठचे भाऊ वेगळ्या वाऱ्यात वाढले होते. धाकटा विठ्ठल हा उत्तम फलंदाज, देखणी शैली, मैदानावर बिनचूक डोके. १९२० साल उजाडले. गांधीजींच्या असहकाराने देश ढवळून निघाला होता. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंचे कर्णधार पै आजारी पडले. मुसलमानांच्या संघाशी सामना तोंडावर आला. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले होते. आता कर्णधार कोण? ज्येष्ठता पाहा, कामगिरी पाहा, विठ्ठलचा हक्क स्पष्ट होता. निवड समितीने कर्णधार केले ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर हे मोठे खेळाडू होते, पुढे महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते योग्यच होते, आणि या प्रकरणात त्यांचा वैयक्तिक दोष काढण्याचे कारण नाही. पण त्या वेळी ते विठ्ठलहून वयाने आणि अनुभवाने कमी होते, एवढे खरे.

शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी सामन्यातून अंग काढून घेतले. नुसते घरी बसले नाहीत. वर्तमानपत्रांतून निवेदन प्रसिद्ध केले आणि आपल्याला डावलण्याचे कारण खेळ नसून जात आहे हे चारचौघांत सांगितले. क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांत, संथ टाळ्यांच्या त्या जगात ही गोष्ट बाँबगोळ्यासारखी पडली असली पाहिजे. खेळाडूने खेळावे, बाकीचे मोठ्यांवर सोपवावे, ही शिकवण तेव्हाही होती आणि आजही आहे. या दोघांनी ती झुगारली. त्यांच्या हातात शस्त्र एकच होते, ते म्हणजे आपला खेळ. तोच त्यांनी रोखून धरला.

समितीने काय केले? त्या सामन्यापुरती तिने मान वळविली नाही. पण देशभर अस्पृश्यतेविरुद्ध बोलले जात असताना हिंदूंच्या संघातच हे चालले आहे, ही टीका जिव्हारी लागली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले. त्या सामन्यासाठी बाळूंना पुन्हा संघात घेतले आणि उपकर्णधार केले. दोघे भाऊ खेळायला आले. आणि मग पैंनी एक सुरेख गोष्ट केली. पारशी फलंदाजी करीत असताना ते काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांनी केले. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हुकमाने चेंडू टाकलेला माणूस त्या तासा-दोन तासांत हात वर करून दुसऱ्यांना जागा दाखवीत होता. तू पुढे ये, तू मागे जा, तू चेंडू घे. मला त्या दृश्याचा फोटो कुठेही सापडला नाही. सापडला असता तर या लेखाबरोबर छापायला दिला असता.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे रीतसर कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरविले. ज्या घराण्याच्या मुलाला बाहेर कुल्हडात चहा मिळे त्याच घराण्याचा धाकटा मुलगा सवर्णांच्या खांद्यावर! विठ्ठलनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. बाळूंनी लिहिले नाही. त्यांचे लिहिणे म्हणजे धावफलक : प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. आणि हे सारे बहुतेक तिशी उलटल्यानंतर.

इथे एक आडरस्ता घेतो. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोघे अमेरिकन कृष्णवर्णीय धावपटू पदके घेताना, त्यांच्या देशाचे राष्ट्रगीत चालू असताना, काळा मोजा चढविलेली मूठ वर करून मान खाली घालून उभे राहिले. त्यांना संघातून काढून ऑलिंपिक ग्राममधून घालवून देण्यात आले. २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक या अमेरिकन फुटबॉलपटूने कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहण्याचे आणि मग गुडघा टेकण्याचे ठरविले. त्या हंगामानंतर कोणत्याही संघाच्या मालकाने त्याला कामावर घेतले नाही. २०१८ मध्ये मालकांनी मैदानावर असणाऱ्याने उभे राहिलेच पाहिजे, नाहीतर संघाला दंड, असा नियमही केला. खेळाडूंच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर तो स्थगित ठेवावा लागला. २०१९ मध्ये केपर्निकचा मालकांशी समझोता झाला. त्यातल्या अटी गुप्त आहेत. राष्ट्रगीताचा मान राखावा यात दुमत नाही आणि आमच्या इथे कोणी त्या वेळी बसला तर मला स्वतःलाही रुचणार नाही. पण त्या माणसांनी ती घटका का निवडली याचा विचार करावासा वाटतो. सारे लोक गप्प आणि सारे लोक पाहत आहेत, अशी घटका गरीब खेळाडूच्या वाट्याला दुसरी येत नाही. पालवणकर बंधूंकडे तीही नव्हती. राष्ट्रच नव्हते, तर राष्ट्रगीत कुठले? त्यांनी मैदानावर न येण्यातून आपले म्हणणे मांडले. तिकडे अमेरिकेत मालकांनी केपर्निकला बाहेर ठेवले ते ठेवलेच; इकडे समितीला आठवड्या-पंधरवड्यात उपकर्णधारपद द्यावे लागले. हा फरक मालकांच्या चांगुलपणामुळे पडला असे मी मानत नाही. त्या वर्षी लोक जागे होते आणि संघाला पारशांना हरवायचे होते.

आमच्या घरातही असा एक प्रसंग घडला म्हणून हे सारे मला जवळचे वाटते. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, चांगला चढाईपटू. एका कंपनीच्या संघातून तो कंत्राटावर खेळे. हंगाम संपत आला तरी तिघा-चौघांचा भत्ता मिळाला नव्हता. एका अंतिम सामन्याला राष्ट्रगीत झाले, सारे ताठ उभे राहिले, दादाही राहिला. पंचांनी शिटी वाजविली तेव्हा तो आणि आणखी दोघे जर्सी उलटी घालून रेघेबाहेर उभे राहिले. पाच मिनिटे. मग खेळायला उतरले आणि सामना जिंकलाही. भत्ता पुढच्या आठवड्यात मिळाला. पुढच्या हंगामाचे बोलावणे मात्र तिघांपैकी कोणालाच आले नाही. दादा आता रिक्षा चालवितो आणि रविवारी गावातल्या पोरांना चढाई शिकवितो. त्या सामन्याची रेघ माझ्या वडिलांनी मारलेली होती.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध अवघड आहे आणि तो गाळून लिहिणे बरोबर नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडला १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला; पाण्याचा तोच प्रश्न, जो बाळूंना मैदानाच्या कडेला भेटला होता. वाटावे की हे दोघे एका वाटेने जातील. तसे झाले नाही. बाळू गांधीजींच्या बाजूला झुकले. १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ द्यावेत की संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, या वादात ते संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे तशी पी. बाळू यांचीही आहे. त्यानंतर १९३३ मध्ये हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी लढविली आणि हरले. आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याच्या सत्काराला एकेकाळी तरुण भीमराव उभा होता त्याच्याविरुद्ध मत मागण्याची पाळी भीमरावांवर आली.

काँग्रेसने बाळूंना वापरून घेतले असे काहीजण म्हणतात. असेलही. पण मग पुण्याच्या क्लबानेही वापरून घेतले, हिंदू जिमखान्यानेही वापरून घेतले. प्रत्येकाला आपापला सामना जिंकायचा होता आणि प्रत्येकाला बाळूंचा डावा हात हवा होता. माझा स्वतःचा कल या बाबतीत आंबेडकरांकडे आहे, हे मी लपवीत नाही. रानड्यांच्या हाराने आणि पैंच्या सौजन्याने मिळते तेवढेच पुरेसे मानले असते तर मी आज या वर्गात बसलो नसतो. पण ज्याला खेळामुळे दारे एकेक करून उघडलेली दिसली त्याने आणखी दारेही तशीच उघडतील असे मानावे, यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. अकरा हजार मते देणाऱ्यांनाही तो दिसला नसावा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. स्वतंत्र हिंदुस्थानच्या घटनेने तोवर अस्पृश्यता बेकायदा ठरविली होती आणि त्याच वर्षी तिला शिक्षा ठरविणारा कायदाही झाला. नंतर त्यांचे नाव जवळजवळ विसरले गेले. २००२ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्यांना पुन्हा उजेडात आणले तोवर आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतही ते नव्हते.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो रात्री वडिलांना वाचून दाखविला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. महाराज, विलायत, करार यांबद्दल काही विचारले नाही. दादाचा भाग आला तेव्हा मात्र ते उठून बाहेर गेले आणि परत आल्यावर पुढचे वाच म्हणाले. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली : साताऱ्याची ती खेळपट्टी आठवडाभर रूळ फिरवून कोणी तयार केली होती, त्याचे नाव कुठे लिहिले आहे का? मी नाही म्हणालो. शनिवारी रोह्याजवळच्या एका गावात स्पर्धा आहे. या वेळी दोरीचे दुसरे टोक मी धरणार आहे.